माझे शंभर रुपये आणि ऑस्कर

"सगळं सेटिंग असतं रे!"

शुक्रवारी संध्याकाळी कॅन्टीनमधल्या मशीनच्या कॉफीबरोबर हे वाक्य हमखास ऐकू येतं. विषय कुठलाही चालतो. अप्रेझल, आयपीएल, नाहीतर अवॉर्ड्स. परवा अवॉर्ड्सचा नंबर होता. शेजारच्या क्युबिकलमधला आमचा मित्र (वय सव्वीस, मतं साठीतली) टेबलावर कप आपटून म्हणाला, "ऑस्कर काय नि आपल्या टीव्हीवरचे काय, ज्याचा पैसा त्याची बाहुली!"

मी शांतपणे म्हटलं, "बाबा रे, मी ऑस्करमध्ये पैसे घातलेत."

"किती?"

"शंभर रुपये."

टेबलावर जो काही हशा पिकला, तो लिफ्टपर्यंत ऐकू गेला असणार. पण खरंच घातलेत. तुमच्यातले बरेचजण तेव्हा चौथी-पाचवीत असतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साल २००४. माझी पहिली नोकरी, लोअर परळला. पगार साडेसहा हजार, त्यातले अडीच पेइंग गेस्टच्या काकूंचे. त्या वर्षी संदीप सावंतच्या 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. मराठी सिनेमाला याआधी ते मिळालं होतं 'श्यामची आई'ला, म्हणजे थेट पन्नास वर्षांपूर्वी! कोकणातला एक आजोबा आपल्या नातवाला, परश्याला, शहरातल्या हॉस्पिटलात आणतो. पोराच्या डोळ्यांत कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, नजर जाईल. मग आजोबा त्याला ऑपरेशनआधी गुपचूप बाहेर नेतो, जग दाखवायला. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे परश्या. थिएटरमधून बाहेर पडताना आमच्या ऑफिसचा सगळ्यात खडूस अकाउंटंट चष्मा पुसत होता. एवढं पुरे.

मग बातमी आली की भारतातर्फे ऑस्करला 'श्वास' जाणार. आणि पाठोपाठ दुसरी बातमी, निर्मात्यांकडे तिकडे जाऊन प्रचार करायला पैसे नाहीत. प्रचार? आम्हाला कळेचना. सिनेमा चांगला असेल तर बक्षीस मिळेल, नसेल तर नाही, यात प्रचार कसला? ही काय नगरपालिकेची निवडणूक आहे? पण महाराष्ट्र असा काही पेटला की विचारू नका. नाशिकच्या शाळेतल्या पोरांनी पणत्या विकल्या. सिद्धिविनायकाच्या ट्रस्टने पैसे दिले, बच्चनसाहेबांनी दिले. आमच्या ऑफिसात रिसेप्शनवर बुटाचा खोका ठेवला, वर भोक पाडून. मी शंभराची नोट घातली. तेव्हा शंभर रुपये म्हणजे आठवडाभराचं जेवण होतं, साहेब!

जानेवारी २००५ ला नॉमिनेशन्स आली. पाच नावं. 'श्वास' नव्हता. पुढे पुरस्कार स्पेनच्या 'द सी इनसाइड'ला गेला. आमचा अकाउंटंट म्हणाला, "सेटिंग." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बुटाचा खोका कपाटावर गेला.

माझ्या मात्र डोक्यात तो प्रश्न तसाच राहिला. माझे शंभर गेले कुठे? नेमके कुठे?

तर त्या काळातली भानगड अशी होती. परभाषिक सिनेमाच्या विभागात (आता त्याचं नाव 'इंटरनॅशनल फीचर फिल्म' झालंय) एका देशाने एकच सिनेमा पाठवायचा. त्या वर्षी जवळपास पन्नास देशांचे सिनेमे होते. ते बघायला अकॅडमीचे जे सभासद आपणहून तयार होतील, त्यांची कमिटी. ते लॉस एंजेलिसमधल्या थिएटरात बसून सिनेमे बघणार आणि गुण देणार. आता मला सांगा, भर कामाच्या दिवसांत, संध्याकाळी, सबटायटल्स वाचत परक्या भाषेतले एवढे सिनेमे बघायला वेळ कुणाला? निवृत्त मंडळींना! म्हणजे आपल्या परश्याचं नशीब लॉस एंजेलिसमधल्या काही आजी-आजोबांच्या हातात होतं. त्यांनी जागं राहून, खुर्चीवरून न उठता, शेवटपर्यंत बघायला हवं होतं. आणि त्याआधी त्यांना 'श्वास' हे नाव ऐकून माहीत असायला हवं होतं. पैसा लागतो तो इथे. जादा खेळांसाठी हॉल भाड्याने घ्या, पब्लिसिस्ट नेमा, 'व्हरायटी' आणि 'हॉलिवूड रिपोर्टर'मध्ये जाहिरात द्या. जाहिरातीवरचं ब्रीदवाक्य ठरलेलं: 'फॉर युअर कन्सिडरेशन'. मतदाराला कुणी पाकीट देत नाही हो. त्याने सिनेमा *बघावा*, एवढ्यासाठीच हा सगळा जीव आटवायचा.

'लगान'वाल्यांना हे बरोबर कळलं होतं. आमिर खान आणि आपले आशुतोष गोवारीकर तिकडे जाऊन तळ ठोकून बसले, खेळ लावले, सभासदांना भेटले. हाताशी सोनी पिक्चर्स क्लासिक्ससारखा अमेरिकन वितरक होता. सिनेमा २२४ मिनिटांचा, विषय क्रिकेट! ज्यांना एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांना पावणेचार तास बसवायचं म्हणजे खायचं काम नाही. नॉमिनेशन मिळालं. मार्च २००२ मध्ये पुरस्कार गेला बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ला, पण या विभागात आपली आजवरची नॉमिनेशन्स मोजून तीन: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे!' आणि 'लगान'. 'श्वास'नंतर मराठीतून 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि 'कोर्ट' (२०१५) गेले, तेही अलीकडेच थांबले.

प्रचाराचा हा फंडा टिपेला नेला तो हार्वे वाइनस्टीनने. मार्च १९९९ चं ऑस्कर. सगळे धरून चाललेले की स्पीलबर्गचा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' बेस्ट पिक्चर नेणार. वाइनस्टीनच्या मिरामॅक्सने 'शेक्सपिअर इन लव्ह'साठी पार्ट्या, फोन, जाहिराती, खासगी खेळ यांचा असा काही मारा केला की बाहुली तिकडे गेली. दिग्दर्शनाचं ऑस्कर स्पीलबर्गला, पण बेस्ट पिक्चर 'शेक्सपिअर'. पुढे अकॅडमीने पार्ट्यांवर, फोनवर, मेलवर नियम बसवले. नियम आले की पळवाटा आल्या, ते आपल्याला सोसायटीच्या मीटिंगवरून माहीतच आहे. (हाच वाइनस्टीन २०१७ मध्ये लैंगिक अत्याचारांच्या आरोपांनी उघडा पडला आणि पुढे तुरुंगात गेला. त्याचं नाव घेऊन स्टेजवर आभार मानणाऱ्यांच्या जुन्या क्लिप्स आता बघवत नाहीत.)

"पण मतमोजणीत तर घोळ करतच असतील?" मित्राने विचारलं. नाही रे बाबा. मतं मोजते प्राइसवॉटरहाउसकूपर्स ही ऑडिटवाली कंपनी, आणि २०१७ पर्यंत निकाल आधी माहीत असायचा फक्त तिच्या दोन माणसांना. दोघांकडे पाकिटांचा एकेक पूर्ण संच, स्टेजच्या दोन बाजूंना दोघे उभे. २०१७ साली त्यातल्या एकाने चुकीचं पाकीट हातात दिलं आणि 'मूनलाइट'ऐवजी 'ला ला लँड'ची मंडळी स्टेजवर जाऊन आभाराची भाषणं करू लागली. लोच्या झाला, पण सगळ्या जगासमोर, आणि काही मिनिटांत दुरुस्तही झाला. सेटिंगवाले इतके बावळट नसतात.

खरी मेख मोजणीच्या पद्धतीत आहे. बेस्ट पिक्चरसाठी २००९ च्या सिनेमांपासून मतदाराने पसंतीक्रम द्यायचा असतो. एक, दोन, तीन, चार... पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सगळ्यात कमी मतंवाला बाद, आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती धरायची. असं कुणीतरी निम्म्यापुढे जाईपर्यंत. ऑफिसच्या पार्टीत काय मागवायचं ते ठरवताना हेच होत नाही का? चाळीस टक्के लोक बिर्याणीसाठी जीव द्यायला तयार, पण उरलेल्यांत शाकाहारी, डाएटवाले आणि चतुर्थीवाले. त्यांच्या यादीत बिर्याणी शेवटी. पावभाजी थोड्यांचीच पहिली पसंती असते, पण बाकी सगळ्यांच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असते. शेवटी येते काय? पावभाजी! म्हणून शहाणे प्रचारवाले 'आमचाच सिनेमा ग्रेट' असं ओरडत नाहीत. कुणाला राग येणार नाही, एवढं बघतात.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडचं सेटिंग मात्र कधीकधी शब्दशः सेटिंग असतं. ऋषी कपूरने २०१७ च्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय की 'बॉबी'च्या वेळी एकाने तीस हजार रुपयांत पुरस्कार मिळवून देतो म्हटलं आणि त्याने दिले. तो होता वीस-एकवीस वर्षांचा. माणूस दिलदार, सांगून मोकळा झाला. न सांगणारे किती, ते देवाला ठाऊक.

२००६ मध्ये मी नोकरी बदलली आणि एका इव्हेंट कंपनीत लागलो. नाव सांगत नाही, कंपनीचंही आणि त्या अवॉर्ड नाइटचंही. गळ्यात 'ऑल ॲक्सेस'चं कार्ड, कानात वायर, आईला फोनवर सांगून झालं की मी आता फिल्म इंडस्ट्रीत आहे. कामं काय होती? पहिलं काम फोन. "सर, येणार ना?" पलीकडून सेक्रेटरी: "मिळतंय का?" मिळत असेल तर येणार, नसेल तर ताप आलेला असणार. एक मोठं नाव येतो म्हटलं पण त्याला काहीच मिळत नव्हतं. मग कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी एक नवी कॅटेगरी जन्माला आली. तिच्या नावात 'स्टाइल' आणि 'आयकॉन' हे दोन्ही शब्द होते. बॅकस्टेजला एक माणूस छोटं मशीन घेऊन बसला होता आणि ट्रॉफीच्या कोऱ्या पट्टीवर नाव कोरत होता. कोऱ्या पट्ट्या जास्तीच्या ठेवलेल्या होत्या, लागल्या तर असाव्यात म्हणून.

दुसरं काम खुर्च्या. स्टार आपली बाहुली घेतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसू नये म्हणून कॉलेजच्या पोरांना ब्लेझर चढवून तयार ठेवायचं. स्टार उठला की पोरगा बसला. आणि टीव्हीवर ज्या टाळ्या दिसतात त्या त्याच भाषणाच्या असतील असं समजू नका. हसणारे चेहरे आधीच टिपून ठेवलेले असतात, एडिटिंगमध्ये हवे तिथे पेरतात.

हे सगळं मला तेव्हा फुल टू धमाल वाटायचं. एक गोष्ट सोडून.

टेक्निकल विभागाचे पुरस्कार मुख्य कार्यक्रमाच्या आधीच उरकायचे होते. हॉल अर्धा रिकामा, लाइट्सची चाचणी चालू, कॅमेरे तीनच्या जागी एक. साउंडचा पुरस्कार एका काकांना होता. साठीचे असतील. डोंबिवलीहून बायकोबरोबर लोकलने आले होते. काकूंनी पैठणी नेसली होती, हातात गजरा जपून धरलेला, गर्दीत चुरगळू नये म्हणून डोक्यात घातलाच नव्हता. काका स्टेजवर गेले, ट्रॉफी घेतली, माइकसमोर उभे राहिले आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज सांभाळले, त्यांच्या बोलण्याच्या वेळी ही तऱ्हा. ते हसले आणि खाली उतरले.

बाहेर सोडायला मी गेलो. काका म्हणाले, "बाळ, हे टीव्हीवर कधी दाखवणार? बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगायचंय."

मला माहीत होतं, हे दाखवणारच नाहीत. रनशीट माझ्याच खिशात होता, त्यात तो भाग नव्हता.

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी, रात्री आठला."

रविवारी मी काकूंच्या हॉलमध्ये, म्हणजे माझ्या पेइंग गेस्टवाल्या काकूंच्या, पूर्ण कार्यक्रम बघितला. शेवटी जाहिरातीच्या आधी पडद्याच्या खालच्या पट्टीवर 'इतर विजेते' म्हणून नावं धावत गेली. त्यांचं नाव तीनेक सेकंद दिसलं असेल. सोमवारी सकाळी माझा मोबाइल वाजला. काका. "अरे, काल नेमकी आमच्याकडे लाइट गेली बघ. बिल्डिंगची सगळी मंडळी जमली होती. त्याची सीडीबिडी मिळेल का रे तुझ्याकडे?"

बघतो म्हटलं. सीडी नव्हतीच. त्या दिवशी डोंबिवलीत खरंच लाइट गेली होती का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुन्हा फोन आला नाही, मीही केला नाही. वर्षभरात ती नोकरी सोडली. लोकांना मी पगाराचं कारण सांगतो.

म्हणून मार्च २०२२ ची गोष्ट मला जरा जास्त लागली. टीव्हीवरचा कार्यक्रम लांबतो, प्रेक्षक कंटाळतात, म्हणून ऑस्करवाल्यांनी तेवीसपैकी आठ पुरस्कार आधीच उरकून, नंतर कापून-जोडून दाखवायचं ठरवलं. त्यात एडिटिंग, मेकअप, संगीत, शॉर्ट फिल्म्स आणि हो, साउंड! जगातला सगळ्यात भारी सोहळा आणि डोकं आमच्या इव्हेंट कंपनीचं. तिकडे मात्र मोठमोठ्या दिग्दर्शकांनी आरडाओरडा केला आणि पुढच्या वर्षी तेवीसच्या तेवीस पुन्हा लाइव्ह झाले.

मित्र आता ऐकू लागला होता, पण हट्ट सोडेना. "बरं, तिकडचं जाऊ दे. आपला सिनेमा निवडतं कोण?"

हा प्रश्न बरोबर होता. निवडते फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सिनेमाच्या धंद्यातल्या संघटनांची शिखर संस्था. ती दरवर्षी ज्युरी नेमते. २०२४ मध्ये पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कानमध्ये ग्राँ प्री मिळालं, तिकडे वितरक उभे होते, समीक्षक डोक्यावर घेत होते. आणि तेरा पुरुषांच्या ज्युरीने निवडला किरण रावचा 'लापता लेडीज'. फेडरेशनच्या अध्यक्षांनी कारण सांगितलं की पायलचा सिनेमा बघताना भारतात घडणारा युरोपियन सिनेमा बघतोय असं ज्युरीला वाटलं. मुंबईतल्या नर्सेस, लोकलची गर्दी, पुढे थेट रत्नागिरी... आणि म्हणे युरोपियन! दोन्ही सिनेमांत आपली छाया कदम आहे, एकीकडे स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणारी मंजू माई, दुसरीकडे मुंबईतलं घर जातं म्हणून कोकणात परतणारी पार्वती. म्हणजे छायाताईंचा सिनेमा कसाही जाणारच होता! 'लापता लेडीज' मला मनापासून आवडतो, वाद त्याच्याशी नाहीच. पण तिकडे ज्याच्यामागे माणसं आधीच उभी आहेत तो घोडा तबेल्यात ठेवायचा, याला काय म्हणावं? 'लापता लेडीज' पंधराच्या यादीतही आला नाही.

उलट 'आरआरआर' बघा. २०२२ मध्ये फेडरेशनने पाठवला गुजराती 'छेल्लो शो'. तो पंधराच्या यादीपर्यंत पोहोचलाही. राजामौलींच्या मंडळींनी वाट बघितली नाही. तिकडच्या वितरकाने जूनमध्ये एका रात्रीसाठी सिनेमा पुन्हा थिएटरांत लावला, लोक खुर्च्यांवर चढून नाचले, आणि थेट मुख्य विभागांत प्रचार सुरू झाला. मार्च २०२३ मध्ये 'नाटू नाटू' ऑस्कर घेऊन आलं.

आणि सगळ्यात गंमत ऐका. एप्रिल २०२५ मध्ये अकॅडमीने नियम जाहीर केला की अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे नॉमिनेटेड सिनेमे सभासदाने बघितलेच पाहिजेत. म्हणजे तोवर बहुतेक विभागांत न बघताच मत देता येत होतं! हे वाचलं तेव्हा मला पुन्हा तो बुटाचा खोका आठवला.

मित्राने कॉफीचा कप चुरगळून डब्यात टाकला. म्हणाला, "म्हणजे सेटिंग नाही तर काय आहे हे?"

मी विचारलं, "तू 'श्वास' बघितलायस?"

"नाही. ऐकलंय खूप. रडका आहे ना?"

"कोण म्हणालं?"

"असंच. सगळे म्हणतात."

रविवारी त्याला घरी बोलावलंय. आठ वाजता. येताना शंभर रुपये घेऊन ये म्हटलं, वीस वर्षांचं व्याज सोडलं.